डॉ. सालिम अली : रानातला विद्यार्थी

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांचीच झोप उडते. अशा वेळी मला डॉ. सालिम अली आठवतात. त्यांच्याकडे विद्यापीठाची डिग्री नव्हती, आणि तेहतिसाव्या वर्षी हातातली नोकरीसुद्धा गेली होती.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले, मामांनी वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एकदा एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सगळा संग्रहच त्या मुलापुढे उघडला. शिकारी व्हायला निघालेला मुलगा तिथे पक्ष्यांचा झाला.

कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले. धंदा कमी आणि जंगलात भटकणं जास्त! पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

मग पत्नी तेहमिनाबाईंसोबत ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर ते तासन् तास तिथे बसून खोपे बघत राहिले. त्यातून कळलं की खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडला तरच तो पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवा खोपा सुरू करतो!

आमच्या टेंभुर्णीला विहिरीवरच्या बाभळीला दर पावसाळ्यात खोपे लटकतात. हे वाचल्यावर मी मुद्दाम जाऊन पाहिलं. अर्धे खोपे अगदी हेल्मेटसारखे दिसतात. ते बहुतेक नापसंत झालेले. आईला म्हटलं, सुगरण हा खरा बाप्या आहे. ती म्हणाली, मग तुझ्या बाबांना सांग!

नोकरी नाही, म्हणून सालिम अलींनी संस्थानांना कळवलं की कॅम्पचा खर्च द्या, पक्ष्यांची पाहणी फुकट करतो. पहिली मोठी पाहणी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची झाली. तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. तंबूतल्या त्या आयुष्यात तेहमिनाबाई सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका साध्या ऑपरेशननंतर त्या गेल्या. तरी त्यांचं काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, आणि १९६४ ते १९७४ मध्ये रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेले दहा खंड.

मेकॅनिकलवाल्यांसाठी खास : त्यांना मोटारसायकलचं भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम गाडी युरोपात नेली होती!

१९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते गेले. मला मात्र किहीमचा तो बेकार तरुण जास्त मोठा वाटतो. रिकामा वेळ आपल्यालाही मिळतो. त्यांनी तो एका झाडाकडे नीट बघण्यात घालवला.