विश्लेषण : रिटा हेवर्थ यांचा अल्झायमर दारूच्या आड का लपून राहिला?

‘गिल्डा’ (१९४६) या चित्रपटाने रिटा हेवर्थ यांना जगभर लोकप्रिय केले. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना मदत कुठून मिळवायची, हा प्रश्न अमेरिकेत उघडपणे चर्चेत आला तो त्यांच्या अखेरच्या वर्षांमुळे.

रिटा हेवर्थ कोण होत्या?

मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा, घराणे नर्तकांचे. १९४९ मध्ये त्यांनी राजपुत्र अली खान यांच्याशी लग्न केले. पुण्यातील आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान हे त्यांचे सासरे. मुलगी यास्मिन यांचा जन्मही त्याच वर्षीचा.

निदान उशिरा का झाले?

पन्नाशीतच त्यांना संवाद लक्षात राहीनासे झाले. १९७२ मधील अखेरच्या चित्रपटात एकेक ओळ सांगून चित्रीकरण करावे लागले. त्या मद्यपान करत. त्यामुळे विसरणे, चिडणे, गोंधळणे या सगळ्याचे खापर दारूवर फुटले. १९७६ मध्ये लंडन विमानतळावर त्या भांबावलेल्या अवस्थेत विमानातून उतरल्या आणि ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. अल्झायमरचे निदान झाले ते १९८० मध्ये.

मुलीने काय केले?

१९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांची जबाबदारी यास्मिन यांच्याकडे सोपवली. यास्मिन यांनी आईला न्यूयॉर्कमध्ये शेजारच्याच घरात ठेवले आणि आजार लपवला नाही. १४ मे १९८७ रोजी, ६८ व्या वर्षी हेवर्थ यांचे निधन झाले. यास्मिन यांनी आईच्या नावाने अल्झायमर्स असोसिएशनसाठी निधी उभारला. पुढे ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’ या जागतिक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

आपल्याकडे मदत कुठे मिळते?

आई-वडिलांच्या वागण्यातील बदलाला व्यसन, हट्ट किंवा म्हातारपण ठरवण्याआधी न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्य, थायरॉइडचे विकार आणि बी-१२ ची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत.

सांभाळणाऱ्याची झोपमोड, चिडचिड आणि अपराधी भावना याही डॉक्टरांना सांगाव्यात. १९९२ मध्ये स्थापन झालेली ‘एआरडीएसआय’ ही भारतीय संस्था याच जागतिक संघटनेची सदस्य असून ती कुटुंबांसाठी काम करते. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते. रुग्णाला सांभाळणारेही येथे स्वतःसाठी फोन करू शकतात.