गजबजलेल्या घरातील गणिती

अभ्यासाला बसावे, तोच धाकटे भावंड रडू लागते, शेजारी कोणी मोठ्याने बोलू लागते आणि मन पुस्तकावरून उडते, असा अनुभव कोणाला नाही? निवांत खोली मिळाली असती तर आपण पुष्कळ अभ्यास केला असता, असेही पुष्कळांना वाटते. अशांनी लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल नगरात झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते व मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. पुढे वयाच्या विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेला.

१७३४ साली त्याचा विवाह झाला. त्याला तेरा अपत्ये झाली. पण त्यांपैकी पाचच बालपण ओलांडून मोठी झाली. हे दुःख सोशीत असतानाही त्याचे काम थांबले नाही. मुलांना दूर सारून दार लावून घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. मांडीवर तान्हे मूल आहे, भोवती इतर मुले खेळत आहेत आणि ऑयलरची लेखणी चालली आहे, असे चित्र त्याला ओळखणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याची एकाग्रता बाहेरच्या शांततेवर अवलंबून नव्हती. वर्तुळाचे गणित करताना आपण जे पाय हे चिन्ह वापरतो, ते त्याच्याच लेखनामुळे सर्वत्र रूढ झाले. कोनिग्सबर्गचे सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरी पुरी करता येईल काय, हे त्या काळचे एक कोडे होते. तसे करणे अशक्य आहे, हे त्याने १७३५ मध्ये सिद्ध करून दाखविले.

पण खरी कसोटी पुढेच होती. १७३८ च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मधील शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस दिसू लागले, परंतु डोळा बिघडला आणि अंधत्व आले. त्याच वर्षी नगरात लागलेल्या आगीत त्याचे घर जळाले. पेटर ग्रिम नावाच्या मनुष्याने त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढले, म्हणूनच तो वाचला.

आता तरी हा मनुष्य स्वस्थ बसेल, असे कोणासही वाटले असते. पण ऑयलर मनातल्या मनात लांबलचक आकडेमोड करी आणि मुलांना व सहायकांना मजकूर सांगून तो लिहवून घेई. १७७५ या एका वर्षात त्याने सरासरीने दर आठवड्यास एक निबंध सिद्ध केला! त्याच्या एकूण ग्रंथांची व निबंधांची संख्या आठशेहून अधिक भरते.

१८ सप्टेंबर १७८३ हा त्याच्या आयुष्याचा अखेरचा दिवस. त्या दिवशीही त्याने नातवंडाला गणित शिकविले, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी चर्चा केली आणि नातवाशी खेळत असतानाच त्याची शुद्ध हरपली. त्याच रात्री त्याचे देहावसान झाले.

मुलांनो, घरातील गडबड थांबविणे नेहमीच आपल्या हाती नसते. परंतु गडबडीत तुटलेला विचाराचा धागा पुन्हा जोडून घेणे मात्र सरावाने साधते. मांडीवरचे मूल खाली न ठेवताही मोठे काम करता येते, हे ऑयलरच्या जीवनाने दाखवून दिले आहे.