सलाईनच्या बाटलीमागचा माणूस : अर्नेस्ट स्टार्लिंग

पावसाळ्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे डेंग्यूचे पेशंट वाढतात. होस्टेलवरचा कुणीतरी सलाईन लावून पडलेला असतो. त्या सलाईनमागचं गणित ज्याने मांडलं, त्याचं नाव अर्नेस्ट स्टार्लिंग.

जन्म लंडनचा, 17 एप्रिल 1866. वडील बॅरिस्टर आणि नोकरी आपल्या मुंबईत, त्यामुळे घरी फार क्वचित यायचे. मुलांना आईनेच वाढवलं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढे जर्मनीत ब्रेस्लाऊला हायडेनहाइन या नामांकित प्राध्यापकाकडे गेला. हायडेनहाइनचं म्हणणं, रक्तवाहिन्यांच्या भिंती पाणी स्वतःच पाझरवतात, ग्रंथीसारख्या. स्टार्लिंगला हे पटेना.

1896 मध्ये त्याने साधाच प्रयोग छापला. कुत्र्याच्या मागच्या पायाच्या मांसात मिठाचं पाणी भरलं, तर ते रक्तात परत शोषलं गेलं. सीरम भरला, तर नाही. कारण सीरममध्ये प्रथिनं असतात आणि ती पाणी धरून ठेवतात. म्हणजे केशवाहिनीत रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढतात. सिव्हिलवाल्यांनी मामा तलावाची पाळ डोळ्यांपुढे आणावी! पाळ थोडी झिरपणारच. प्रश्न किती, एवढाच.

डेंग्यूत हीच पाळ सैल होते. तीही बहुधा ताप उतरताना, म्हणजे पोरगा 'बरं वाटतंय' म्हणून मेसला निघतो नेमका तेव्हा. पाण्याबरोबर प्रथिनंही बाहेर जातात, रक्त घट्ट होतं, बीपी कोसळतो. सलाईन कमी पडलं तर जीव जातो. एक-दोन दिवसांनी गळती थांबून पाणी रक्तात परतू लागतं. तेव्हाही बाटल्या चालूच ठेवल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून डॉक्टर सारखं रक्त तपासतात. आपण उगाच वैतागतो.

पुढे 1902 मध्ये मेव्हणा बेलिसबरोबर त्याने सिक्रेटिन शोधलं, 1905 मध्ये 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. हृदयाचा नियमही त्याच्या नावाने आहे. नोबेल मात्र मिळालं नाही, हे मला तरी खटकतं.

त्याच्या हिशेबात नंतर दुरुस्ती झाली. झिरपलेलं बरंचसं पाणी केशवाहिनीत थेट न परतता लसिकावाहिन्यांतून येतं, असं आता मानतात. आपल्याकडच्या हत्तीरोगात याच वाहिन्या बिघडतात, म्हणून पाय सुजतो.

2 मे 1927 रोजी जमैकाच्या किंग्स्टन बंदराजवळ, बोटीवरच तो वारला.