इब्ने सिना आणि न थांबणारा बाण

नववीत ‘गतीचे नियम’ शिकताना मुलांना प्रश्न पडतो, ढकललेली वस्तू थांबते का? हजार वर्षांपूर्वी इब्ने सिना यांनीही यावर डोकं चालवलं होतं.

इ.स. ९८० मध्ये बुखाराजवळच्या अफशाना गावी त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी कुरआन पाठ होता. तरुणपणीच अमीर नूह बिन मन्सूर यांच्यावर इलाज केला आणि शाही ग्रंथालय खुलं झालं. पुढे हमदानमध्ये वजीर झाले, कैदही भोगली. या धावपळीतच ‘किताबुश्शिफा’ लिहिला.

अरस्तूच्या मते सुटलेल्या बाणाला हवाच पुढे ढकलते. सहाव्या शतकात फिलोपोनसने यावर हरकत घेतली होती. इब्ने सिनांनी मांडलं की फेकणारा वस्तूला ‘मैल’ देतो. अंतराचा मैल नव्हे. अरबीत याचा अर्थ कल किंवा ओढ. हा मैल आपोआप संपत नाही, हवेचा अडथळा त्याला संपवतो. अडथळाच नसेल तर बाण थांबणार नाही.

म्हणजे न्यूटनचा पहिला नियम त्यांनीच शोधला? मुलांना असं सांगू नका. न थांबणारी गती कुठे दिसत नाही, म्हणून पोकळी असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय त्यांच्या लेखी गती टिकवायला मैल लागतो. न्यूटनच्या १६८७ च्या नियमात सरळ, एकसमान गतीला कोणतंही बळ लागत नाही.

पुढच्या शतकात बगदादच्या अबुल बरकात यांनी मैलाचा हा विचार पुन्हा तपासला, दुरुस्तही केला. तोवर इब्ने सिना राहिले नव्हते. १०३७ मध्ये पोटाच्या दुखण्याने हमदानमध्ये त्यांचा इंतिकाल झाला. मजारही तिथेच आहे.