इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वी काय पिकायचे? सांकलियांनी शोधलेले उत्तर

आज ज्वारी-बाजरीचा पट्टा असलेल्या शिरूर तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वी मुख्य पीक होते जव, म्हणजे सातू. हे उलगडले ते पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या पथकामुळे.

१९०८मध्ये मुंबईत जन्मलेले सांकलिया १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत. उत्खननात त्यांच्या पथकाने मडक्यांसोबत जळके दाणेही जपले. एरवी धान्य कुजते. कोळसा झालेला दाणा मात्र टिकतो. नर्मदाकाठच्या नावडाटोलीत सर्वांत जुन्या थरांत गहू होता, तांदूळ नंतरच्या. पिके कोणत्या क्रमाने आली, हे असे कळते.

१९६८पासून इनामगाव खणले गेले. तिथे पाण्याचा पाटही सापडला! तरीही इ. स. पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडले. पाऊस घटल्याने, असे उत्खननकर्त्यांचे मत.

सांकलियांचे १९८९मध्ये पुण्यात निधन झाले.