रामनामात विसावलेला गायनाचार्य

सिंहस्थात साधूंच्या चिलमींचा धूर आणि गोदाकाठी रात्रभर चालणारे भजन ही दोन्ही दृश्ये नाशिककरांच्या परिचयाची आहेत. रोजच्या जाणिवेपलीकडे जाण्याची मानवी ओढ दोन्हींमागे आहे. या ओढीचे कलेशी नाते काय, हा प्रश्न गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या चरित्रात वारंवार समोर येतो.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी फटाक्याच्या स्फोटाने दृष्टी अधू झाली, शिक्षण खुंटले आणि मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम सुरू झाली. त्या काळी गाणे दरबारात आणि कोठ्यांवर नांदत होते. गवई म्हणजे व्यसनी, असा पांढरपेशा समाजाचा समज होता आणि नशापाण्यावाचून गाणे रंगत नाही, असे मानणारेही होते.

विष्णुबुवांना हे मान्य नव्हते. १८९६ मध्ये मिरज सोडून ते भ्रमंतीस निघाले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. शिस्त, निर्व्यसनी आचरण, स्वरलिपीतील पुस्तके आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या बळावर त्यांनी संगीत सामान्यांच्या घरात नेले.

तथापि त्यांनी नाकारली ती नशा, तल्लीनता नव्हे. नशेत देहभान सुटते, तसे तालाचेही सुटते. रियाजाने येणाऱ्या तंद्रीत मात्र गायक स्वतःला विसरूनही समेवर अचूक येतो. वारकऱ्यांचे कीर्तन आणि सूफींची कव्वाली हीच वाट चालतात.

पुढे कर्जापायी मुंबईतील संस्थेची वास्तू गेली. अनेक अपत्यांचे मृत्यू त्यांनी पाहिले. रामभक्तीकडे वळलेल्या बुवांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. तुलसी रामायणावरील प्रवचने आणि नामगजर यांत ते इतके रमले, की संगीतशिक्षणाचे कार्य मागे पडले. कलेने ज्या अवस्थेपर्यंत नेले, तेथे पोहोचल्यावर कलाच दुय्यम ठरली. साधकाला ती परिपूर्ती वाटली असेल. शिष्यांच्या आणि संगीताच्या दृष्टीने ती हानीही होती.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले, तेव्हा नाशिकला जन्मलेला त्यांचा पुत्र दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. पित्याची विद्या त्याला प्रामुख्याने विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या शिष्यांकडून मिळाली. १९५५ मध्ये तोही अकाली गेला. परंतु द. वि. पलुस्करांच्या ध्वनिमुद्रित भजनांत रागाची शुद्धता आणि नामाची आर्तता आजही एकत्र ऐकू येते. पित्याच्या आयुष्यात दुरावलेल्या दोन वाटा पुत्राच्या कंठात पुन्हा मिळाल्या.