रेचल कार्सन

रेचल लुईस कार्सन (२७ मे १९०७ – १४ एप्रिल १९६४) या अमेरिकन सागरी जीवशास्त्रज्ञ व लेखिका होत्या. 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या कीटकनाशकांवरील ग्रंथामुळे त्या जगभर ओळखल्या जातात. त्यांची त्याआधीची तिन्ही पुस्तके मात्र समुद्राविषयी आहेत.

जीवन

कार्सन यांचा जन्म पेन्सिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल या समुद्रापासून दूर असलेल्या गावी झाला. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य सोडून त्यांनी जीवशास्त्र घेतले. समुद्राचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना १९२९ मध्ये वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत घडले. १९३२ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली. १९३५ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. त्या सरकारी मत्स्य विभागासाठी नभोवाणीच्या संहिता लिहू लागल्या व १९३६ मध्ये तेथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या.

सागरविषयक लेखन

'अंडर द सी-विंड' (१९४१) हे पहिले पुस्तक युद्धाच्या धामधुमीत दुर्लक्षित राहिले. 'द सी अराउंड अस' (१९५१) मात्र ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होते. त्याच्या उत्पन्नावर १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 'द एज ऑफ द सी' (१९५५) मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील जीवसृष्टीचे वर्णन आहे. ओहोटीनंतर खडकांत उरणारी डबकी, कालवे, शेवाळे हे त्यातील विश्व कोकणच्या वाचकालाही परके वाटू नये.

त्या काळी किरणोत्सर्गी कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकला जाई. 'द सी अराउंड अस'च्या १९६१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत कार्सन यांनी याविरुद्ध इशारा दिला. समुद्र अथांग असल्याने माणूस त्याचे काही बिघडवू शकत नाही, ही समजूत त्यांनी भाबडी ठरवली. सूक्ष्मजीव किरणोत्सर्गी द्रव्ये शरीरात साठवतात, त्यांना लहान जीव खातात व लहानांना मोठे मासे; त्यामुळे टाकलेला कचरा टाकलेल्या जागी राहत नाही, हे त्यांनी दाखवले.

सायलेंट स्प्रिंग

हाच अन्नसाखळीचा विचार 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये आहे. १९५४ मध्ये कॅनडातील मिरामिची नदीखोऱ्यातील जंगलांवर डीडीटी फवारल्यावर समुद्रातून अंडी घालण्यास नदीत येणाऱ्या सामन माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली, ही घटना त्यात सविस्तर येते. रसायन उद्योगाने पुस्तकावर कडाडून टीका केली. कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर बंदी मागितली होती, हा आजही केला जाणारा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांचा विरोध अविचारी वापराला होता. १९६३ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या प्रतिपादनाला बळ दिले. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. तेव्हा त्यांचा स्तनाचा कर्करोग बळावला होता. विरोधकांना निमित्त मिळू नये म्हणून हे त्यांनी जाहीर केले नव्हते. सिल्व्हर स्प्रिंग (मेरीलँड) येथे वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. त्याच वर्षी समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा लंडन करार झाला. किरणोत्सर्गी कचऱ्यावर सरसकट बंदी येण्यास मात्र १९९३ साल उजाडले. १९८० मध्ये कार्सन यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मरणोत्तर देण्यात आले. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींचे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान त्यांच्या नावाने ओळखले जाते.